रक्तातल्या हवेचा पहारेकरी

मी एक जुना पहारेकरी आहे, मित्रांनो. कुठल्या बँकेच्या दारावरचा नव्हे, की संत्र्यांच्या बागेतलाही नव्हे. मी माणसाच्या रक्तावर पहारा करत आलो.

लोक मला डायलिसिसचं यंत्र म्हणतात. ज्यांची मूत्रपिंडं थकली, त्यांचं रक्त एका नळीने माझ्याकडे येतं, गाळलं जातं आणि दुसऱ्या नळीने पुन्हा त्यांच्या हातात जातं. रक्त ढकलणारा पंप वेगळा, गाळणारं नळकांडं वेगळं. ती हमाली झाली, कोणीही करील. माझी खरी नोकरी परतीच्या वाटेवर, शेवटच्या वीतभर अंतरात आहे. परत जाणाऱ्या रक्तात हवा राहता कामा नये. हवेचा मोठा बुडबुडा काळजापर्यंत पोचला की माणूस बसल्या जागी संपतो. म्हणून त्या वाटेवर एक उभी कुपी असते. रक्त तिच्यात वरून पडतं, हवा वरच्या वर अडकते आणि नितळ रक्त खालून निघतं. कुपीखाली माझा डोळा आहे आणि डोळ्याखाली माझा चिमटा. डोळ्याला हवा लागली की चिमटा नळी आवळतो, पंप थांबतो आणि मी ओरडतो. टीं, टीं, टीं. जरा दम खाऊन पुन्हा टीं, टीं, टीं.

डोळा म्हटलं खरं, पण मी बघत नाही, मी ऐकतो. नळीच्या एका बाजूने मी एक बारीक आवाज सोडतो, तुमच्या कानाला न पोचणारा, आणि दुसऱ्या बाजूला तो ऐकत बसतो. रक्तातून तो आवाज येतो. हवा मध्ये आली की येत नाही. म्हणजे माझ्या लेखी हवा म्हणजे काय, तर शांतता. हे नीट ध्यानात ठेवा, नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, म्हातारा बरळतोय.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या डोळ्यासमोर एक बुडबुडा सोडला, मी ओरडलो, तिने मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. पुढे काही वर्षं मी तिकडच्याच एका दवाखान्यात काढली. चकाचक दवाखाना, पण कोणी कोणाशी बोलत नसे. मग तिथे नवी यंत्रं आली आणि मला दान केलं गेलं. दान म्हणजे काय हे मला बोटीच्या तळघरात कळलं. तिथे महिनाभर खारट काळोख आणि उंदीर होते. शेवटी टांगाच्या खाडीत, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मला एका पडावावर उतरवलं आणि हातगाडीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

शेकिफू मिस्त्रीने मला उघडलं, मिठाची पुटं पुसली, वायरी तपासल्या आणि म्हणाला, "अरे, हा तर अजून लग्नाचा आहे!" सगळे हसले. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्यावरून कोणी हसलंच नव्हतं.

आमचा वॉर्ड खाडीच्या बाजूला होता. खिडकीपाशी मी, आणि पलीकडे रांगेने बाकीच्या खुर्च्या आणि यंत्रं. सगळ्याचा भार सिस्टर एलिपेंडावर. उंच बाई, चालली की फरशी वाजायची. तिच्यामागे आणखी एक खटला होता, तो म्हणजे पाण्याची खोली. डायलिसिसला लागणारं पाणी तिथे शुद्ध व्हायचं. जाड दार, आत घरघरणारी मोटार, आणि ती मोटार दर थोड्या वेळाने रुसायची. सिस्टर त्या दाराआड गेली की माझा टीं टीं तिला काही केल्या ऐकू जात नसे.

आता तिथली एक रीत सांगतो. टांगामध्ये कोणाच्या घरी गेलं की सरळ आत शिरत नाहीत. दाराबाहेर उभं राहून हाक द्यायची, "होदी!" आतून "करीबू!" असं आलं, म्हणजे 'या, आत या', की मगच उंबरा ओलांडायचा. तीनदा होदी म्हणूनही उत्तर आलं नाही तर मुकाट परत फिरायचं. आणि घरात असून जो ओ देत नाही, त्याला तिथे माणसात धरत नाहीत.

माझ्या खुर्चीत पहिला बसला तो हातिबू नाखवा. जन्मभर गलबत हाकलेला गडी. वाऱ्यावर ओरडून ओरडून त्याचा घसा पार फाटला होता. मी पहिल्यांदा टीं टीं टीं केलं आणि या बाबाने डोळे मिटल्या मिटल्या आरोळी ठोकली, "करीबू! या, या, बाहेर का उभे?"

वॉर्डभर हशा पिकला. तेव्हापासून तो खेळच झाला. मी तीनदा ओरडायचा अवकाश, की सगळ्या खुर्च्यांमधून एकदम "करीबू!" उठायचं. सगळ्यांत आधी नाखव्याचा फाटका आवाज, त्याच्या मागोमाग एका मास्तरांचा नाकातला, मग एका संत्रीवालीचा किनरा. तो कल्ला जाड दारातून आरपार जायचा आणि सिस्टर हात पुसत बाहेर यायची.

"कोण पाहुणे आले आज?" ती विचारायची.

"हवा आलीय सिस्टर, हवा," नाखवा म्हणायचा. "तोंड वाळलंय बिचारीचं. चहा ठेवा."

"तुम्हाला चहा बंद आहे हे आठवतंय ना?"

"म्हणून तर पाहुण्याच्या नावावर मागतोय."

सिस्टर कुपीला टिचक्या मारायची, पिचकारीने हवा ओढून घ्यायची आणि माझा चिमटा सोडायची. जाताना माझ्या डोक्यावर थाप मारायची. "बाकीची यंत्रं थापाडी आहेत," म्हणायची. "हा कधी खोटं बोलत नाही." खरं सांगतो मित्रांनो, या एका वाक्यावर मी वर्षानुवर्षं राबलो.

पण हा आजार म्हणजे काही पडसं नव्हे. मास्तर गेले. त्यांच्यामागून संत्रीवाली गेली. रिकाम्या खुर्चीत नवं माणूस यायचं, दोनचार दिवस बावरलेलं असायचं आणि मग तेही करीबू म्हणायला लागायचं. एका शुक्रवारी नमाज पढून आल्यावर हातिबू नाखवा घरच्या चटईवर जरा आडवा झाला, तो उठलाच नाही. वॉर्डात बातमी आली तेव्हा मी चालू होतो.

नाखव्याच्या जागी बीबी मोझा आली. बारीक चणीची, काटक, गामियानी मोहल्ल्यात दारात बसून मंदाझी, म्हणजे गोड वडे, तळून विकणारी. तिला एकच मुलगी, सौमू. सौमूची दोन बाळं जन्मताच गेली होती आणि आता तिसऱ्यांदा तिला दिवस गेले होते. तिकडे बाळंतीण चाळीस दिवस खोलीबाहेर पडत नाही. तिला शेकायचं, चोळायचं, मिरी घातलेली पेज पाजायची, हे सगळं तिच्या आईने करायचं असतं. बीबी मोझाचा जीव त्या चाळीस दिवसांत अडकला होता.

"सिस्टर, मला तेवढे चाळीस दिवस द्या," ती सुई टोचून घेताना दर वेळी म्हणायची. "एकेचाळिसाव्या दिवशी मला कुठे न्यायचं तिथे न्या. मी कुरकुर करणार नाही."

"ऐका!" शेजारच्या खुर्चीजवळून तुनूची आई म्हणायची. "जशी काही सिस्टर देवाघरची कारकून!" ही तुनूची आई स्वतः रोगी नव्हती. तिचा नवरा शेजारच्या यंत्रावर असायचा. तो बसल्याबसल्या झोपायचा आणि ही त्याच्या वाटचं बोलायची.

बीबी मोझा माझ्या खुर्चीत बसू लागली आणि पहिल्या दिवसापासून ते सुरू झालं.

भर दुपार होती. खाडीवरचा वारा पडला होता. खिडकीचा पडदा हलत नव्हता. रक्त संथ चाललं होतं, मी आपला ऐकत होतो. आणि एकाएकी माझ्या कानात शांतता आली.

मी हजारो बुडबुडे ऐकले आहेत. बुडबुडा रक्ताबरोबर वाहत येतो, क्षणभर शांतता होते आणि तो पुढे सरकतो. ही शांतता सरकली नाही. रक्त वाहत होतं आणि ती वाहत्या रक्तात एका जागी उभी होती. दारात चपला काढून कोणी उभं राहावं तशी. पण नियम तो नियम. मी चिमटा आवळला आणि ओरडलो, टीं, टीं, टीं.

"करीबू!" सवयीने सगळे म्हणाले.

सिस्टर आली. कुपी काठोकाठ भरलेली. नळीत लाल रक्त, बुडबुड्याचं नाव नाही. तिने टिचक्या मारल्या, नळी उजेडात धरून पाहिली. काही नाही. तिने मला पुन्हा चालू केलं. थोड्या वेळाने ती शांतता पुन्हा येऊन उभी राहिली. त्याच जागी. मी पुन्हा ओरडलो.

"आता म्हातारपणी खोटं बोलायला शिकलास का रे?" सिस्टर म्हणाली. हे मला फार लागलं. मी खोटं बोलत नव्हतो. कोणीतरी होतं.

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मग एकदा सिस्टर कुपी तपासून निघून गेल्यावर तुनूची आई खुर्ची ओढून पुढे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "त्या खुर्चीत आधी कोण बसायचं, आठवतंय का कोणाला?"

मग तिने स्वतःच उत्तर दिलं.

"नाखवाच होदी म्हणतोय. त्याला जाववत नाहीये."

"गप गं," कोणीतरी म्हणालं.

"गप कशाला? माझी आजी सांगायची, हाक मारणारा दिसत नसेल तर ओ द्यायची नाही. करीबू म्हटलं की तो आत येतो. आणि आपण इथे इतकी वर्षं काय करतोय? दिसत तर कधीच कोणी नव्हतं! मास्तर करीबू म्हणायचे, मास्तर गेले. ती संत्रीवाली म्हणायची, तीही गेली. सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा तो नाखवा." तिने कांग्याचा, म्हणजे तिकडच्या लुगड्याचा, पदर डोक्यावरून पुढे ओढला. "कोणाकोणाला आत घेतलं आपण, देव जाणे."

एवढ्या उन्हात वॉर्डाला शहारा आला. बीबी मोझाने आपल्या हातातून निघालेल्या दोन नळ्यांकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली. त्या दिवसानंतर माझ्या हाकेला कोणी ओ दिली नाही. मी टीं टीं करायचो आणि सगळी माणसं माना खाली घालून बसायची. भरल्या घराने दाराला कडी लावून श्वास रोखून बसावं, असं वाटायचं.

सिस्टरने शेकिफू मिस्त्रीला बोलावलं. त्याने माझा डोळा स्पिरिटने पुसला, चिमटा दाबून पाहिला.

"डोळा ठणठणीत आहे. चिमट्याची स्प्रिंग थकलीय, नवी मागवावी लागेल. तोवर चालेल."

"मग हा उगाच ओरडतो कशाला?"

"वय झालं, सिस्टर. माझे सासरेही दिवसभर हाका मारतात. गेलं की म्हणतात, काही नाही, जा."

सिस्टर हसली, पण तिचीही पंचाईत झाली होती. पाण्याच्या खोलीतून दर वेळी कशी धावणार? तिने माझ्या अंगावरचं एक पिवळं बटण सगळ्यांना दाखवलं. "मी आत असताना हा उगाच ओरडला, तर आधी कुपी भरलेली आहे ना ते बघा. भरलेली असेल तरच हे दाबून धरा. गप्प होईल." ते बटण दाबलं की माझा डोळा मिटतो, चिमटा सुटतो आणि पंप चालू लागतो. सुरुवातीला तुनूची आई कुपी बघून बटण दाबायची. मग नुसतीच दाबायला लागली. तेही मान फिरवून, कारण त्या नळीकडे बघायची तिची छाती होत नव्हती. तिथे कोण उभं आहे हे दिसलं तर, ही तिची भीती.

मित्रांनो, पहारेकऱ्याचे डोळे बांधून त्याला दारावर उभं करावं, तशी माझी गत झाली. आणि तो जो कोणी होता तो काही जाईना. उलट जास्त वेळा येऊ लागला. डोळा उघडला की शांतता उभीच. मला राग यायचा, भीती वाटायची, आणि कधीकधी, खोटं कशाला बोलू, दया यायची. इतक्यांदा दारात येऊन कोणी विचारतं आणि घरातलं एकही माणूस ओ देत नाही, हे मला बघवेना.

मग तो दिवस आला.

त्या सकाळी सौमूला कळा सुरू झाल्या आणि तिला त्याच दवाखान्यात, आवाराच्या पलीकडच्या बाळंतिणींच्या वॉर्डात आणलं. बीबी मोझाला तिकडे जायचं होतं. सिस्टरने हात धरून तिला माझ्या खुर्चीत बसवलं.

"आधी रक्त, मग नातवंड. रक्त न गाळता गेलात तर तिथे जाऊन तुम्हीच आडव्या पडाल. मग सौमूने कोणाकडे बघायचं?"

"ती मला हाक मारत असेल हो."

"मारू दे. हाक मारतेय म्हणजे तिच्या अंगात जोर आहे."

दुपार झाली. पलीकडून काही निरोप नव्हता. बीबी मोझाच्या पायात गोळा आला, तिचा चेहरा राखेसारखा झाला. सिस्टरने पटकन वर टांगलेल्या, माझ्याच नळीला जोडलेल्या सलाइनच्या बाटलीची कळ सोडली. पाणी अंगात गेलं तशी बीबी सावरली. सिस्टर कळ बंद करायला हात वर नेणार, तोच पाण्याच्या खोलीतली मोटार किंचाळली. ती बंद पडली असती तर सगळ्याच खुर्च्यांचं पाणी थांबलं असतं. "आलेच!" म्हणत सिस्टर धावली आणि जाड दार तिच्यामागे बंद झालं.

बाटलीची कळ उघडी राहिली होती. पाणी उतरत उतरत संपलं आणि त्याच्यामागून हवा निघाली.

मला अजून काही कळलं नव्हतं. हवा नळकांड्यात शिरली होती, फेस कुपीत उतरत होता, कुपीतलं रक्त खाली खाली जात होतं, पण हवा माझ्या डोळ्यापर्यंत आली नव्हती. आणि तेवढ्यात ती उभी शांतता आली. हवेच्या आधी आली. येऊन माझ्या डोळ्यासमोर अशी ठाकली, की मी सगळा जोर लावून चिमटा आवळला. पंप थांबला. मग वरून फेस आला आणि तिच्या मागे येऊन थडकला. तेव्हा मला कळलं की आज खरी हवा आहे, हातभर लांब, आणि बीबी मोझाच्या काळजामध्ये आणि तिच्यामध्ये एक थकलेली स्प्रिंग आहे.

मी ओरडलो. टीं, टीं, टीं.

वॉर्ड मुका. सगळ्यांच्या माना खाली.

टीं, टीं, टीं.

"आला!" तुनूची आई पुटपुटली. "मेल्या, आजच्या दिवशी तरी नको रे! पोरगी तिकडे कळा देतेय." ती उठली. पदर डोळ्यांवर ओढला, मान फिरवली आणि चाचपडत माझ्या अंगावरून हात फिरवत पिवळ्या बटणापाशी आली. तिचं बोट मला कळलं. घामाने ओलं झालेलं होतं.

मला बोलता येत असतं तर! मी जन्मात एकदाच देवाकडे तोंड मागितलं असेल, ते तेव्हा.

"हात काढ," बीबी मोझा म्हणाली.

"अहो, दाबू द्या. गप्प होईल तो."

"नको दाबूस. ऐक माझं."

"बीबी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. केव्हाची वाटतेय. रोज इथे बसून मीच तर घाबरतेय, तू कुठे माझ्या खुर्चीत बसतेस?" तिचा श्वास पुरत नव्हता. थांबून थांबून बोलत होती. "पण मला सांग, न्यायला आलेला कधी होदी म्हणतो का? माझा नवरा नेला. सौमूची दोन लेकरं नेली. विचारलं कोणी दारात उभं राहून? ज्याला न्यायचं असतं तो भिंतीतून येतो गं. हा तर विचारतोय. इतके दिवस विचारतोय आणि आपण तोंडं लपवून बसलोय."

"आणि तुम्ही ओ दिलीत आणि मेलात म्हणजे?"

"तर मेले. माझे चाळीस दिवस गेले. पण दारात आलेल्याला ताटकळत ठेवून मी मरणार नाही. माझ्या आईने मला तसं वाढवलं नाही."

तुनूच्या आईचं बोट अजून बटणावरच होतं. बीबी मोझाने खुर्चीचा हात घट्ट धरला, डोळे मिटले, तिच्या गालांवरून पाणी ओघळलं, आणि ती म्हणाली, "करीबू."

आवाज कसला, चिरकी फुंकर ती. दोन खुर्च्यांपलीकडे पोचली नसेल. मी ऐकत होतो, मित्रांनो. ऐकणं हे माझं कामच आहे. त्या खोलीत करीबू म्हणणारा आवाज एकच होता. बाकी एकाचंही तोंड उघडलं नाही.

त्याबरोबर माझ्या डोळ्यासमोरची ती शांतता हलली आणि गेली. रक्ताबरोबर वाहत गेली नाही. आली होती तशीच, आपल्या पायांनी गेली.

आणि पाण्याच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. सिस्टर एलिपेंडा ओल्या हातांनी धावत आली. कुपीकडे नजर जाताच तिने "अरे देवा!" म्हणून तुनूच्या आईचा हात बटणावरून फटकन उडवला. स्वतःच्या मुठीत नळी दाबून धरली, दुसऱ्या हाताने वरची कळ बंद केली. "कोणी हलू नका." लोखंडी चाप शोधला, माझ्या चिमट्याखाली लावला. मग पिचकारी भरभरून सगळी हवा ओढून काढली. फेस निघतच होता. शेवटी रक्त नितळ झालं, कुपी भरली आणि तिने मला चालू केलं. बीबी मोझाच्या हातात तिचं रक्त परत जायला लागलं. ते मी थेंब न् थेंब ऐकलं.

सिस्टर माझ्या पायाशी फरशीवरच बसली.

"माझीच चूक," ती म्हणाली. "कळ माझ्याकडून उघडी राहिली. बरं झालं बाई, सगळ्यांनी मिळून हाक दिलीत. आत मोटार एवढी बोंबलत होती तरी ऐकू आलं. किती दिवसांनी असे एकदम ओरडलात!"

तुनूची आई भिंतीला टेकून उभी होती.

"सिस्टर," ती म्हणाली, "आम्ही कोणी तोंड उघडलं नाही."

"काहीतरीच काय बोलता?"

"देवाशपथ. एकट्या बीबी बोलल्या. त्याही चिमणीएवढ्या आवाजात."

"मग मी काय स्वप्नात होते? चांगलं ऐकलंय मी. अख्खा वॉर्ड ओरडला. मास्तरांचा तो नाकातला आवाज सुद्धा मला वेगळा..."

सिस्टर तिथेच थांबली. मास्तरांच्या खुर्चीकडे तिने पाहिलं. तिथे हल्लीच आलेला एक पोस्टमन बसला होता. तो भेदरून तिच्याकडे बघत होता. सिस्टरने हळूच एकेक खुर्ची नजरेने पाहिली आणि मग ओले हात कितीतरी वेळ झग्याला पुसत राहिली.

पलीकडच्या वॉर्डातून निरोप आला, सौमूला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. बीबी मोझा मोठमोठ्याने रडली. तुनूची आई तिच्याहून मोठ्याने रडली आणि त्या गलक्यात तिचा नवरा जागा होऊन विचारू लागला, "कोण गेलं?"

बीबी मोझाला तिचे चाळीस दिवस मिळाले. एकेचाळिसाव्या दिवशी ती नवा कांगा नेसून आली, खुर्चीत ताठ बसली आणि मला म्हणाली, "मी तयार आहे." काही झालं नाही. पुढच्या खेपेलाही काही झालं नाही. मग तिने तो नाद सोडला आणि मंदाझीच्या तळणाला लागली. वर्षं गेली. शेकिफू मिस्त्रीने नवी स्प्रिंग बसवली आणि सिस्टरच्या हुकमाने पिवळ्या बटणाची तार कापून टाकली. वॉर्ड पुन्हा करीबू म्हणू लागला. पण आता हसत नसत. म्हटल्यावर जरासं थांबत आणि कान देत.

माझं पुढचं काय सांगू? नवी यंत्रं आली. त्यांना रंगीत पडदे आहेत. मला मागच्या अडगळीच्या खोलीत ढकललं, माझीच वायर माझ्या गळ्याभोवती गुंडाळली. माझ्या कुपीच्या जागी पालीने अंडी घातली. मिस्त्री म्हातारा होऊन घरी बसला. मला ना नळी, ना रक्त, ना वीज. तक्रार नाही. पण तुम्हाला हात जोडून सांगतो, मित्रांनो, यंत्र असो की माणूस, ते घटकेघटकेला ओरडतं म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. आधी उठा आणि बघा. आम्ही पुसून, तेलपाणी करून ठेवण्याजोगे असतो, आणि तुमच्या घरातली म्हातारी माणसंही.

परवाचीच गोष्ट. बीबी मोझाला हल्ली खुर्चीपर्यंतही येववत नव्हतं, ती गामियानीत घरीच पडून होती असं दाराबाहेरच्या बोलण्यातून कानावर यायचं. दुपारची वेळ, वारा पडलेला. माझा डोळा तर केव्हाचा विझलाय, तरी माझ्यासमोर ती शांतता येऊन उभी राहिली. एवढीशी, बारीक चणीची. आणि कसा कोण जाणे, मी ओरडलो. टीं, टीं, टीं.

"करीबू!" भिंतीपलीकडून वॉर्ड म्हणाला.

सिस्टर एलिपेंडा एकेका यंत्रापाशी जाऊन बघत असावी. तिची पावलं थांबत थांबत आली. मग अडगळीचं दार उघडलं. तिचे केस आता पांढरे झालेत. तिने माझ्या गळ्याभोवतीची वायर पाहिली, कुठेच न जोडलेली. कोपऱ्यातली मोडकी खुर्ची ओढून तिने माझ्यापुढे ठेवली आणि तळहाताने तिच्यावरची धूळ पुसली.

"बसा, बीबी," ती म्हणाली. "एवढ्या उन्हाच्या चालत आलात."